हद्दपारीचे आकडे, बेड्यांचे फोटो आणि मतपेटी: अमेरिकेतल्या बातम्या वाचायच्या कशा?

मोजपट्टी (धागाकर्ता)

इथल्या तीन वेगवेगळ्या धाग्यांवर एकच भांडण चालू आहे. एक म्हणतो, 'ओबामाने ट्रम्पपेक्षा जास्त लोक हाकलले.' दुसरा म्हणतो, 'बायडनने दार सताड उघडं टाकलं.' तिसरा म्हणतो, 'मीडिया विकला गेलाय.' आणि तिघांकडेही दाखवायला खरीखुरी बातमी असते! या विषयात धडधडीत खोटा आकडा क्वचितच छापून येतो. खरा आकडा भलत्याच शब्दाला चिकटवलेला असतो. म्हणून हा वेगळा धागा. भांडा खुशाल, पण आकडा टाकताना तो कशाचा ते लिहा.

आधी चार शब्द सुटे करू.

'एन्काउंटर' म्हणजे सीमेवर कुणी सापडल्याची नोंद. ही मोजणी घटनांची असते, माणसांची नाही. एकच माणूस तीनदा सापडला तर नोंदी तीन. 'रिमूव्हल' म्हणजे रीतसर आदेशाने हद्दपारी. तिच्यासोबत ५, १०, २० वर्षांची किंवा कायमची प्रवेशबंदी येते. 'रिटर्न' म्हणजे आदेश न काढता परत पाठवणं. सन २००० मध्ये असे १६ लाखांहून जास्त रिटर्न झाले होते. चौथा शब्द 'एक्सपल्शन', टायटल ४२ या सार्वजनिक आरोग्याच्या कायद्याखालचा. करोनाच्या नावाखाली मार्च २०२० ते ११ मे २०२३ या काळात साधारण २८ लाख लोक असे परत ढकलले गेले. ते ना रिमूव्हलमध्ये मोजले, ना रिटर्नमध्ये.

आता 'आइस'च्या, म्हणजे हद्दपारी करणाऱ्या केंद्रीय यंत्रणेच्या, रिमूव्हलचे आकडे बघा. २०१२: ४,०९,८४९. २०१९: २,६७,२५८. २०२१: ५९,०११. २०२४: २,७१,४८४. ही सगळी सरकारी वर्षं, १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर. म्हणजे '२०२५ चा आकडा' असं कुणी म्हणालं तर त्यात जवळजवळ चार महिने बायडनचे आहेत.

ओबामावाल्यांचं म्हणणं आकड्यापुरतं बरोबर. पण २०१३ ची फोड बघा: ३,६८,६४४ पैकी २,३५,०९३ लोक सीमेजवळ पकडलेले होते. देशात वर्षानुवर्षं राहणारे त्याच्या निम्म्याहून थोडे जास्त, सुमारे १ लाख ३३ हजार. सीमेवर काल पकडलेला आणि शिकागोत १५ वर्षं घर केलेला असे दोघे एकाच रकान्यात आले की तुलना फसतेच.

आणि २०२४ चा आकडा २०१९ पेक्षा मोठा आहे, हे ठळक मथळ्यात कुणी वाचलं का? डेमोक्रॅटांना ते मिरवायचं नव्हतं, रिपब्लिकनांना कबूल करायचं नव्हतं. दोन्ही बाजूंना अडचणीचा आकडा बातमीच होत नाही.

वाचनमात्र

वाचनखूण साठवली.

कोष्टक

धागा उत्तम. पण मोजपट्टी, स्वतःच्याच सापळ्यात अडकलात. '२८ लाख लोक' नाही, २८ लाख एक्सपल्शन. टायटल ४२ खाली परत पाठवलं तर प्रवेशबंदी लागत नव्हती, त्यामुळे लोक दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न करायचे. सरकारी वर्ष २०२१ मध्ये पकडले गेलेल्यांपैकी सुमारे २७ टक्के एकाहून जास्त वेळा सापडलेले होते. त्या वर्षीचे १७ लाख ३४ हजार एन्काउंटर म्हणजे तेवढी डोकी नव्हेत.

मोजपट्टी

मान्य. चार ओळी वर नियम लिहिला आणि खाली स्वतःच मोडला. संपादनाची वेळ संपली, तसंच राहू दे.

सडेतोड

आता थोडं स्पष्ट. ही 'डोकी नव्हेत, घटना' पट्टी २०२१ ते २०२३ मध्ये उदारमतवादी वाहिन्या रोज वाजवत होत्या, आणि तिच्या आड मूळ गोष्ट झाकली गेली. नैऋत्य सीमेवरचे एन्काउंटर २०२१ मध्ये १७ लाख, २०२२ मध्ये २३ लाख ७८ हजार, २०२३ मध्ये २४ लाख ७५ हजार. मे २०२३ मध्ये टायटल ४२ संपलं, तेव्हा पुनरावृत्तीची सबबही संपली. तरी डिसेंबर २०२३ या एका महिन्यात बॉर्डर पेट्रोलने अडीच लाखांच्या घरात लोक पकडले. तेव्हा 'क्रायसिस' म्हणायचं की 'चॅलेंज' यावर चर्चा चालली होती. याला पक्षपात नाही म्हणायचं तर काय?

दुसरं, डेल रिओ. सप्टेंबर २०२१, टेक्सास, हैतीचे लोक नदी ओलांडताहेत आणि घोड्यावरचे जवान. फोटोत लगाम हवेत उडालेला आणि मथळा 'चाबकाने मारलं'. खुद्द राष्ट्राध्यक्षांनी चौकशीआधीच शिक्षेची भाषा केली. जुलै २०२२ च्या चौकशी अहवालात लगामाने कुणाला मारल्याचा पुरावा सापडला नाही.

चिंचगूळ

सडेतोड, अहवालाचं अर्धंच पान वाचलंत. त्याच अहवालात गरज नसताना बळ वापरल्याचं, अपमानास्पद भाषेचं आणि घोडा धोकादायकरीत्या चालवल्याचं नोंदलेलं आहे. 'चाबूक नव्हता' हे खरं, 'काहीच झालं नाही' हे खोटं.

दुसऱ्या बाजूची यादीही ठेवा की समोर. ऑक्टोबर २०१८, मध्यावधी निवडणूक तोंडावर, मध्य अमेरिकेतून निघालेला स्थलांतरितांचा तांडा, 'कॅरॅव्हॅन', शेकडो मैल लांब, पायी. तरी 'आक्रमण' हा शब्द दिवसरात्र. पाच हजारांवर सैनिक सीमेवर धाडले, मोहिमेला 'फेथफुल पेट्रियट' असं भारदस्त नाव दिलं. ६ नोव्हेंबरला मतदान झालं, ७ तारखेला पेंटॅगॉनने ते नावच काढून टाकलं, आणि कॅरॅव्हॅन पडद्यावरून ओसरला. माणसं तिथेच होती, चालतच होती.

स्प्रिंगफील्ड, ओहायो तर विसरूच नका. हैतीचे लोक शेजाऱ्यांची कुत्री-मांजरं खातात, हे १० सप्टेंबर २०२४ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या वादफेरीत बोललं गेलं. शहराचे अधिकारी सांगत होते की अशी एकही विश्वासार्ह तक्रार नाही. तिथले बहुतेक हैतियन तात्पुरत्या संरक्षणाखाली कायदेशीर राहत होते, हा तपशील कुत्र्या-मांजरांपुढे कोण वाचणार?

मोजपट्टी

फोटोंच्या बाबतीत दोन्ही छावण्यांनी हात पोळून घेतलेत. मे २०१८ मध्ये पिंजऱ्यामागे झोपलेल्या मुलांचे फोटो ट्रम्पच्या नावाने फिरले. ते २०१४ चे, ओबामाच्या काळातले निघाले. पुढच्याच महिन्यात मॅकअ‍ॅलनजवळची रडणारी होंडुरन मुलगी 'टाइम'च्या मुखपृष्ठावर आली. तिला आईपासून वेगळं केलेलंच नव्हतं. या दोन चुकांचा परिणाम असा की 'सीमेवर मुलं आईवडिलांपासून वेगळी केली ही अफवाच' असं म्हणायला लोक मोकळे झाले. प्रत्यक्षात पाच हजारांहून जास्त मुलं वेगळी केली गेली, हे सरकारी नोंदींतूनच बाहेर आलं. खऱ्या गोष्टीला चुकीचा फोटो लावला की आधी ती खरी गोष्टच मरते.

फोटो दिसला की तीन गोष्टी तपासा: उलटा इमेज शोध घेऊन सगळ्यात जुनी प्रत, वृत्तसंस्थेची मूळ फोटोओळ, आणि ती ओळ कोणत्या संपादनात गळाली. बहुतेक वेळा फोटो खरा असतो, ओळ बदललेली असते.

जर्सीकर

अमृतसरच्या विमानाबद्दल कुणी लिहील का? तेव्हा आपल्याकडच्या वाहिन्यांनी जो काही धुमाकूळ घातला होता...

तळटीप

लिहितो. ५ फेब्रुवारी २०२५, अमेरिकेचं लष्करी सी-१७ विमान, हद्दपार केलेले १०४ भारतीय. हरियाणा ३३, गुजरात ३३, पंजाब ३०, महाराष्ट्र ३, उत्तर प्रदेश ३, चंडीगड २. हातात बेड्या, पायात साखळ्या. दुसऱ्या दिवशी परराष्ट्रमंत्र्यांनी राज्यसभेत वर्षवार तक्ता ठेवला: २००९ मध्ये ७३४, २०१२ मध्ये ५३०, २०१९ मध्ये २,०४२, २०२० मध्ये १,८८९, २०२४ मध्ये १,३६८. विमानात बांधून आणण्याची पद्धत २०१२ पासूनची आहे, असंही सांगितलं. म्हणजे 'ट्रम्पने भारतीयांना हाकलायला सुरुवात केली' ही मांडणी चूक. पण 'नेहमीचंच आहे' हीसुद्धा पूर्ण खरी नाही, कारण लष्करी विमान नवं होतं आणि चित्रीकरण करून ते मिरवणंही नवं होतं.

आता मला सगळ्यात बोलका वाटणारा आकडा. डिसेंबर २०२५ मध्ये राज्यसभेतच सांगितलं गेलं की त्या वर्षी नोव्हेंबरअखेर ३,२५८ भारतीय परत आले. त्यातले २,०३२ साध्या प्रवासी विमानांनी. म्हणजे तिघांतले जवळजवळ दोन जण तुमच्या-आमच्यासारखे बॅगांच्या पट्ट्यापाशी उभे राहून बाहेर पडले. त्यांचा फोटो नाही, त्यांच्यावर चर्चासत्र नाही. आख्खं राजकारण उरलेल्या १,२२६ जणांच्या विमानांवर झालं. विमानं अमृतसरलाच का उतरवता, यावर पंजाबच्या मुख्यमंत्र्यांनी केंद्राला धारेवर धरलं तेही त्यातूनच. पहिल्या विमानात गुजरातचे लोक पंजाबपेक्षा जास्त होते.

अवांतर: मराठी बातम्यांत सरसकट 'घुसखोर' लिहिलं गेलं. व्हिसावर रीतसर येऊन मुदत उलटून राहिलेला माणूस घुसलेला नसतो. 'मुदतबाह्य राहिलेले' हा शब्द लांब आहे, पण चूक तरी नाही.

सडेतोड

शब्दांचं राजकारण तिकडेही झालंच. एपी वृत्तसंस्थेने एप्रिल २०१३ मध्ये 'इल्लीगल इमिग्रंट' शैलीपुस्तिकेतून काढला. बायडन सरकारने २०२१ मध्ये सीमा यंत्रणांना 'एलियन'ऐवजी 'नॉनसिटिझन' म्हणायला लावलं. ट्रम्प आल्यावर 'एलियन' परत. कायद्यात १९५२ पासून 'एलियन'च आहे. कायद्यातला शब्द वापरला म्हणून कुणाला वर्णद्वेषी ठरवू नका एवढंच.

तळटीप

ठीक. पण एपीने 'इल्लीगल' हा शब्द कृतीला ठेवलाय, माणसाला काढलाय. आपण 'बेकायदा बांधकाम' म्हणतो, पण सही-शिक्का नसलेल्या माणसाला 'बेकायदा माणूस' म्हणत नाही, तसंच ते.

कोष्टक

अटकेतल्यांपैकी 'गुन्हेगार' किती, यावरून सध्या सगळ्यात जास्त धूळफेक चालते. म्हणून मूळ तक्ता कसा असतो ते सांगतो.

'आइस'ला संसदेच्या अटीमुळे कोठडीची आकडेवारी ठरावीक दिवसांनी संकेतस्थळावर टाकावी लागते. साधी एक्सेल फाइल, आत अनेक पानं. अटक करणारी यंत्रणा 'आइस' की सीमेवरची 'सीबीपी', अशी आधी विभागणी. मग तीन रकाने: गुन्हा सिद्ध झालेले, खटला चालू असलेले, आणि 'इतर इमिग्रेशन उल्लंघन करणारे', म्हणजे ज्यांच्यावर ना गुन्हा ना खटला.

चलाखी अशी. सरकारी पत्रक पहिल्या दोन रकान्यांची बेरीज करून म्हणतं, 'बहुसंख्य गुन्हेगार'. विरोधी बातमी शेवटच्या दोघांची बेरीज करून म्हणते, 'सुमारे ७० टक्क्यांवर कसलाही गुन्हा सिद्ध नाही'. फाइल एकच! मधला रकाना ज्याच्या पदरात टाकाल त्याचा पक्ष जिंकतो. शिवाय 'गुन्हा सिद्ध' यात खून आहे, दारू पिऊन गाडी चालवणं आहे, आणि हद्दपारीनंतर पुन्हा सीमा ओलांडणं हाही गुन्हाच आहे. रकान्यावरून गुन्ह्याची तीव्रता कळत नाही. सिरॅक्यूज विद्यापीठात सुरू झालेलं 'ट्रॅक' केंद्र या नोंदी लावून देतं, तिथे निदान मालिका तरी दिसते. जानेवारी २०२५ मध्ये कोठडीत ३९ हजारांच्या आसपास होते, ऑगस्टपर्यंत ६० हजारांपुढे. ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या कायद्याने कोठड्यांसाठी ४५ अब्ज डॉलर दिले, तेव्हा हा रकाना फुगणारच.

कलमबहाद्दर

'वॉरंट घेऊन आले' ही ओळसुद्धा तपासून घ्या. आय-२०० हा फॉर्म इमिग्रेशन अधिकारीच सही करून देतो. वर होमलँड सिक्युरिटी खात्याचं नाव, खाली अधिकाऱ्याची सही. न्यायाधीशाचा संबंध नाही. त्यावर रस्त्यात अटक होते, पण आजवरच्या न्यायालयीन समजुतीनुसार संमतीशिवाय घरात शिरता येत नाही. न्यायालयीन वॉरंटवर माथ्याशी कोर्टाचं नाव आणि तळाशी न्यायाधीशाची सही असते. बातमीत दोन्हीला 'वॉरंट'.

आणि मुख्य मुद्दा राहिलाच: अटक होते कुठे? स्थानिक तुरुंगात कुणी आला की 'आइस' आय-२४७ए ही विनंती पाठवतं: सुटका झाल्यावर ४८ तासांपर्यंत धरून ठेवा. टेक्सास, फ्लोरिडात शेरीफ ती मानतात. २८७(जी) कराराखाली तर तुरुंगातले कर्मचारीच 'आइस'चं काम करतात. माणूस एका दाराने सुटतो, दुसऱ्या दाराने 'आइस'च्या गाडीत बसतो. कॅमेरा नाही, जमाव नाही. कॅलिफोर्निया, इलिनॉयमध्ये ही विनंती सहसा मानत नाहीत. मग तोच माणूस पकडायला चारसहा अधिकारी तोंड झाकून पार्किंगमध्ये उभे राहतात, आणि दहा फोन चित्रीकरण करतात.

म्हणून २०२५ मध्ये अटकांच्या संख्येत टेक्सास सगळ्यात पुढे, पण पडद्यावर लॉस एंजेलिस आणि शिकागो. हा संपादकांचा कट नाही. कॅमेरा जिथे पोचतो तिथलीच बातमी होते. पण प्रेक्षकाच्या डोक्यात नकाशा उलटा बसतो.

चिंचगूळ

लॉस एंजेलिसचा जून २०२५, धरपकडीविरुद्धचं आंदोलन, याच मापाने बघा. संचारबंदी शहराच्या मध्यावर साधारण एक चौरस मैलात. शहर जवळजवळ ५०० चौरस मैल. पेटलेल्या त्याच विनाचालक गाड्या सगळ्या वाहिन्यांवर चक्राकार. तिकडे 'शांततामय आंदोलन' म्हणणाऱ्यांनी त्या गाड्या चौकटीबाहेर ठेवल्या. त्यावर चार हजार नॅशनल गार्ड आणि ७०० मरीन.

जर्सीकर

याचा मतांवर परिणाम होतो का पण? लोक आपापली वाहिनी बघतात आणि आपापलं मत देतात, असंच वाटतं.

मोजपट्टी

वाहिनीचा परिणाम मोजलाय. दोन राज्यशास्त्रज्ञांनी सप्टेंबर २०२० मध्ये फॉक्सच्या नेहमीच्या प्रेक्षकांना तासाला १५ डॉलर देऊन महिनाभर सीएनएन बघायला लावलं. त्यांची काही मतं हलली. मुख्यतः आपली वाहिनी काय सांगतच नाही, हे त्यांना कळलं. पैसे थांबल्यावर बहुतेक जण मूळ वाहिनीवर परत गेले.

पण मोठा झोका वाहिनीने येत नाही. गॅलप या जनमत चाचणी संस्थेची मालिका बघा. इमिग्रेशन कमी करा म्हणणारे २०२४ मध्ये ५५ टक्के, २००१ नंतरचा उच्चांक. वर्षभरात ते ३० टक्क्यांवर आले, आणि 'इमिग्रेशन देशासाठी चांगलं' म्हणणारे ७९ टक्के, विक्रमी. तेच लोक, त्याच वाहिन्या. २०२४ मध्ये डोळ्यांसमोर सीमेवरच्या रांगा आणि न्यूयॉर्क-शिकागोतले निवारे होते. २०२५ मध्ये सीमा शांत आणि डोळ्यांसमोर मोहल्ल्यातली धरपकड. जे सरकार सत्तेवर असेल त्याच्या उलट्या दिशेला मत सरकतं. कारभारी कोण आणि दिसतंय काय, यावर ते ठरतं.

सीमा शांत कशी झाली, यातही दोघे अर्धंच सांगतात. मेक्सिकोने २०२४ च्या सुरुवातीपासून वाट आवळली, जूनमध्ये बायडनने आश्रयाचे नियम कडक केले. डिसेंबर २०२३ चे अडीच लाख डिसेंबर २०२४ ला ४७ हजारांच्या आसपास आले होते. मग २०२५ मध्ये ते महिन्याला दहा हजारांखाली गेले. पहिला उतार बायडनच्या काळातला, शेवटची पायरी ट्रम्पच्या काळातली.

सडेतोड

आणि हिस्पॅनिक मतं? 'कडक धोरणाने लॅटिनो दुरावतात' हे पुस्तकी सूत्र २०२४ मध्ये आपटलं. टेक्सासमधला रिओ ग्रांदे नदीकाठचा स्टार काउंटी, जवळजवळ संपूर्ण हिस्पॅनिक. २०१६ मध्ये तिथे ट्रम्पना १९ टक्के, २०२४ मध्ये सुमारे ५८. रिपब्लिकन उमेदवार तिथे १८९२ नंतर पहिल्यांदाच जिंकला.

चिंचगूळ

मान्य. पण मग नोव्हेंबर २०२५ चा न्यू जर्सीतला पसेइक काउंटीही घ्या. मोठी हिस्पॅनिक वस्ती, २०२४ मध्ये ट्रम्पकडे गेलेला. वर्षभरात गव्हर्नरच्या निवडणुकीत डेमोक्रॅट शेरिल यांनी सहज परत घेतला.

मोजपट्टी

दोन्हीवर एकेक चिमूट मीठ. स्टारमध्ये महागाई मोठी होती, पसेइकमध्ये विजेची बिलं. राष्ट्रीय आकड्यांतही, मतदान केंद्राबाहेरच्या पाहणीत ट्रम्पना ४६ टक्के हिस्पॅनिक मतं दिसली, प्यू या संशोधन संस्थेने नंतर प्रत्यक्ष मतदार यादीशी ताडून पाहिली तेव्हा ४८. एका काउंटीवरून सूत्र काढलं की पुढची निवडणूक ते मोडते.

जुनं उदाहरण कॅलिफोर्नियाचं. १९९४, प्रस्ताव १८७, कागदपत्रं नसलेल्यांना सरकारी शाळा-दवाखान्यांची बंदी. गव्हर्नर विल्सन यांची जाहिरात: सान इसिद्रोला महामार्गावरून धावणारी माणसं, काळंपांढरं चित्रण, 'ते येतच आहेत'. प्रस्ताव ५९ टक्क्यांनी पास, विल्सन विजयी. न्यायालयाने तो अडवला, पण लाखो लॅटिनोंनी नागरिकत्व घेऊन मतदार नोंदणी केली. 'त्या जाहिरातीने कॅलिफोर्नियात रिपब्लिकन पक्ष बुडाला' असं सरधोपट म्हणतात. तरी २००३ आणि २००६ मध्ये श्वार्झनेगर रिपब्लिकन म्हणूनच जिंकले, हे विसरायचं नाही.

कोष्टक

एक ताजा सापळा: '१६ लाख लोक स्वतःहून निघून गेले'. सरकारने २०२५ मध्ये हे सुमारे चार लाख हद्दपारींत मिळवून '२० लाख गेले' असं जाहीर केलं. १६ लाख कुणी विमानतळावर मोजलेले नाहीत. हा अंदाज दरमहा सुमारे ६० हजार घरांत होणाऱ्या रोजगार पाहणीवरून काढलेला आहे. धरपकड चालू असताना सरकारी माणूस दारात आला आणि 'तुमचा जन्म कुठला?' विचारलं, तर लोक दार तरी उघडत नाहीत किंवा 'इथलाच' सांगतात. मग पाहणीत परदेशी जन्मलेले घटतात. काही खरोखर गेलेही असतील, पण पाहणीतून दोन्ही वेगळे काढता येत नाहीत.

उलट बाजूही तशीच निसरडी. अमेरिकेत कागदपत्रांविना भारतीय किती? २०२२ या एकाच वर्षासाठी प्यू म्हणतं ७ लाख २५ हजार, मायग्रेशन पॉलिसी इन्स्टिट्यूट ३ लाख ७५ हजार, होमलँड सिक्युरिटी खातं २ लाख २० हजार. तिघांची पद्धत वेगळी: पाहणीतले एकूण परदेशी वजा कायदेशीर, आणि 'कायदेशीर' कुणाला धरायचं यावर सगळा फरक. आपल्याकडे सरसकट 'सव्वासात लाख' छापतात, कारण तो सगळ्यात मोठा.

जर्सीकर

एच-१बी व्हिसाच्या एक लाख डॉलर शुल्काच्या गोंधळात कोण चुकलं होतं?

कलमबहाद्दर

तिथे पत्रकारांना थोडी सूट द्यावी लागेल. १९ सप्टेंबर २०२५, शुक्रवार. ट्रम्प यांनी आदेशावर सही केली त्या वेळी वाणिज्यमंत्री म्हणाले की रक्कम दरवर्षी. आदेशाच्या मजकुरात देशाबाहेरून येणाऱ्यांवर प्रवेशबंदी, पण आधीपासून व्हिसा असलेल्यांचं काय ते स्वच्छ नाही. अंमल शनिवारची मध्यरात्र उलटताच, म्हणजे रविवारच्या १२:०१ पासून. खुलासा शनिवारी: एकदाच, आणि फक्त नव्या अर्जांना. मधल्या तासांत कंपन्यांनी 'परत या' असे निरोप धाडले आणि तिकिटं भडकली.

अशा वेळी क्रम उलटा लावायचा. मंत्र्याचं वाक्य शेवटी. आधी आदेशाचा मजकूर, त्यातलं 'कुणाला लागू' आणि 'कधीपासून' हे कलम, मग यूएससीआयएस या इमिग्रेशन खात्याचं पत्रक, मग आपल्या वकिलाचा मेल.

आणि एच-१बी वाल्यांनो, वर्तमानपत्रं भांडत बसू देत. १८ वर्षांवरच्या बिगरनागरिकाने नोंदणीचा पुरावा जवळ बाळगायचा, हा कायदा जुनाच आहे. एप्रिल २०२५ पासून त्याची अंमलबजावणी वाढली. तुमच्यासाठी तो पुरावा म्हणजे आय-९४ या प्रवेशनोंदीची छापील प्रत. पत्ता बदलला तर दहा दिवसांत एआर-११ हा फॉर्म भरा, ऑनलाइन होतो, फी नाही.

वाचनमात्र

आय-९४ ची प्रत फोनवर असली तर चालते का?

कलमबहाद्दर

छापून पाकिटात ठेवा. फोन बंद पडतो, आणि तपासणीच्या वेळी अनलॉक केलेला फोन दुसऱ्याच्या हातात द्यावा लागेल अशी वेळ कशाला आणायची?